संरक्षण सचिवाची खुर्ची आणि संरक्षणाचं काम

भुसावळहून एका मुलीने विचारलं आहे. तिचा प्रश्न थोडक्यात असा: "वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आहेत. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सैन्यात जायचं होतं, पण डोळ्यांच्या नंबरमुळे मेडिकलला बाद झाले. मग कळलं की संरक्षण सचिव हा सिव्हिलियन असतो आणि सेनाप्रमुखांच्या फाइली त्याच्याकडून जातात. तिथपर्यंत कसं पोचायचं? आणि वर्दीतले लोक सिव्हिलियन अधिकाऱ्याचं खरंच ऐकतात का?"

मी भारतीय संरक्षण लेखा सेवेतून निवृत्त झाले. पुणे, जबलपूर आणि मग दिल्लीत मंत्रालयाचा वित्त विभाग अशी नोकरी झाली. सचिव झाले नाही, पण सचिवांपुढे जाणाऱ्या फाइलींवर बरीच वर्षं टिपणं लिहिली. वयाचा फायदा घेऊन तुला 'तू' म्हणते.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर लहान आहे. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा, त्यात आयएएस मिळेल असा क्रमांक, मग एखाद्या राज्याचं केडर, म्हणजे नोकरीचं मूळ राज्य. प्रांत, कलेक्टर, मंत्रालयातली खाती असं करत मधूनमधून केंद्रात डेप्युटेशन. पुढे सहसचिव, अतिरिक्त सचिव, सचिव या प्रत्येक पायरीला दिल्लीच्या यादीत नाव लागावं लागतं, त्याला एम्पॅनलमेंट म्हणतात. तीस-पस्तीस वर्षांनी, साठी जवळ आली असताना, मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती ज्या एका माणसाचं नाव काढते तो संरक्षण सचिव. या जागेसाठी अर्ज करता येत नाही. मुदत साधारण दोन वर्षांची, आणि तेवढ्यासाठी निवृत्तीचं वयही पुढे ढकलता येतं. पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे महिना मूळ २,२५,००० रुपये. सेनाप्रमुखांचा २,५०,०००.

हे सगळं कोणत्याही क्लासमध्ये सांगतील. क्लासमध्ये सहसा सांगत नाहीत ते असं की या वाटेवर चालताना तू संरक्षणाच्या कामात किती असशील याची काही खात्री नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये संरक्षण सचिव झालेले गिरिधर अरमाने त्याआधी रस्ते वाहतूक खात्याचे सचिव होते. त्यांच्यानंतर १ नोव्हेंबर २०२४ ला आलेले राजेश कुमार सिंह उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागातून आले. दोघेही अनुभवी अधिकारी, त्यांच्या कर्तबगारीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आयएएसची रचनाच अशी आहे की आज साखर, उद्या पाटबंधारे, परवा तोफा. अजय कुमार यांच्यासारखे काही आधी संरक्षण उत्पादन विभागाचे सचिव असतात आणि मग पलीकडच्या दालनात जातात. ते भाग्य सगळ्यांना मिळत नाही. अमेरिकेच्या पेंटॅगॉनमध्ये अँड्र्यू मार्शल नावाचा सिव्हिलियन १९७३ पासून २०१५ पर्यंत एकाच कार्यालयाचा प्रमुख म्हणून बसला होता. आपल्याकडे असं घडलं तर प्रशिक्षण संस्थेत त्यावर धडा लिहितील आणि कार्मिक खातं चौकशी लावेल.

म्हणून तुला आधी एक गोष्ट ठरवावी लागेल. ती खुर्ची हवी आहे की काम? दोन्ही एकत्र मिळाल्याची उदाहरणं आहेत, पण थोडी. सिव्हिलियन माणूस देशाच्या संरक्षणात कुठवर पोचू शकतो असं मला कुणी विचारलं, तर मी ज्याचं नाव घेते तो माणूस संरक्षण सचिव कधीच झाला नाही.

के. सुब्रह्मण्यम. जन्म १९२९, तिरुचिरापल्ली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी, आयएएसच्या परीक्षेत देशात पहिले, १९५१ ची तुकडी, केडर मद्रास. साठच्या दशकात ते संरक्षण मंत्रालयात उपसचिव होते. उपसचिव म्हणजे जिथे फाइल खऱ्या अर्थाने लिहिली जाते ती पातळी. १९६२ ची नामुष्की आणि तिच्यानंतरची सैन्यवाढ त्यांनी जवळून पाहिली. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये वर्षभर अभ्यास केला. परतल्यावर १९६८ मध्ये त्यांना दिल्लीतल्या संरक्षण अध्ययन संस्थेचं संचालकपद मिळालं. ही संस्था नोव्हेंबर १९६५ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना निघाली. आता तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. सातारा जिल्ह्यातला मंत्री जी संस्था उभी करतो तिला गोव्यातल्या मंत्र्याचं नाव मिळतं, हे मला आवडतं.

इतर आयएएस अधिकारी अशा संस्थेतल्या नेमणुकीला शिक्षा समजतात. 'अकॅडमिक' पोस्टिंग म्हणजे गाडी रुळावरून उतरली, असं कँटीनमध्ये बोललं जातं. सुब्रह्मण्यम तिथे १९७५ पर्यंत राहिले, १९८० मध्ये परत आले आणि १९८७ पर्यंत थांबले. मधल्या काळात तामिळनाडूत गृह सचिव, मग संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष, मग संरक्षण उत्पादन सचिव. १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या तेव्हा वडिलांना सचिवपदावरून दूर करण्यात आलं, असं त्यांचे चिरंजीव, परराष्ट्रमंत्री जयशंकर, यांनी जाहीर मुलाखतीत सांगितलं आहे. म्हणजे व्यवहारी हिशोबाने करिअर तिथे संपलं होतं. त्यांनी मात्र परत संस्थेत बसून लिहायला घेतलं. बांगलादेशाचा प्रश्न असो, अण्वस्त्रांचा असो, वर्तमानपत्रातून, सेमिनारमधून, सरकारी टिपणांतून ते एकच काम करत राहिले. भारताने आपल्या सुरक्षेचा विचार सरकारी सवयीने न करता हिशोबाने करावा, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवलं. ऑगस्ट १९८४ मध्ये ते ज्या विमानात होते तेच विमान अपहरणकर्त्यांनी पळवून दुबईला नेलं. सुरक्षा-तज्ज्ञ स्वतःच ओलीस!

निवृत्तीनंतर तर कामाला ऊतच आला. १९९८ मध्ये पहिल्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचे ते निमंत्रक झाले, पुढच्या ऑगस्टमध्ये अणुधोरणाचा मसुदा आला. कारगिलचं युद्ध संपल्यावर २९ जुलै १९९९ ला सरकारने आढावा समिती नेमली. तिचे अध्यक्ष सुब्रह्मण्यम. सोबत लेफ्टनंट जनरल हजारी, पत्रकार बी. जी. व्हर्गीस आणि सदस्य-सचिव सतीश चंद्र. त्याच वर्षी जाहीर झालेलं पद्मभूषण त्यांनी घेतलं नाही. समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला. त्याच्या मागोमाग मंत्रिगटाने चार कार्यदलं नेमली. त्यातलं सीमा व्यवस्थापनाचं कार्यदल माधव गोडबोले यांच्याकडे होतं, महाराष्ट्र केडरचे माजी केंद्रीय गृह सचिव. संरक्षण व्यवस्थापनाचं अरुण सिंग यांच्याकडे. मोठ्या खरेदीला मान्यता देणारी, आज आपण जिला डिफेन्स ॲक्विझिशन कौन्सिल म्हणतो ती २००१ मध्ये यातूनच आली. संरक्षण दलप्रमुखाचं, म्हणजे सीडीएसचं, पद निर्माण करण्याची शिफारसही याच मंत्रिगटाची. ते पद प्रत्यक्षात यायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. सुब्रह्मण्यम २०११ मध्येच गेले होते.

सचिव किती आले नि गेले, त्यांची नावं आम्हा नोकरी केलेल्यांनाही ओळीने सांगता येत नाहीत. या माणसाने लिहिलेल्या गोष्टींवर आजही मंत्रालयात वाद होतात.

आता दुसरा प्रश्न. ऐकतात का?

सरकारी मानक्रमाच्या तक्त्यात तिन्ही सेनाप्रमुख बाराव्या क्रमांकावर आहेत आणि भारत सरकारचे सचिव तेविसाव्या. म्हणजे समारंभात संरक्षण सचिव सेनाप्रमुखांच्या बऱ्याच मागे बसतो. त्याने सेनाप्रमुखांना हुकूम द्यायचा प्रश्नच येत नाही. हुकूम मंत्र्याचा, मंत्रिमंडळाचा. सचिवाकडे असते ती वाट. पैसा, नियम, इतर खात्यांशी समन्वय, संसदेला द्यायचं उत्तर हे सगळं त्याच्या टेबलावरून जातं. वर्दीतल्या माणसाला हे कधी खटकतं आणि ते खटकणं मला समजतं. ज्याने सियाचीनच्या चौकीवर हिवाळा काढला आहे त्याला दिल्लीतला सेक्शन ऑफिसर 'गरजेचं समर्थन करावे' असं लिहून पाठवतो, तेव्हा त्याच्या डोक्यात काय येत असेल! पण तो प्रश्न विचारणारं कुणीतरी असावंच लागतं. प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र शिकावी लागते. माझ्या मते सिव्हिलियन अधिकाऱ्याची सगळी पत यावर ठरते.

एक साधी खरेदी घे. एखाद्या कमांडला बर्फात घालायचे बूट हवेत. युनिट आणि मुख्यालय मिळून एक 'स्टेटमेंट ऑफ केस' बनवतात: काय हवं, का हवं, किती हवं, अंदाजे खर्च किती. ते वित्त सल्लागाराकडे येतं. आमचं पहिलं काम संख्या तपासणं. माणसं किती, जोडी किती महिने टिकते, डेपोत शिल्लक किती, आधीच्या ऑर्डरचा माल यायचा आहे का. मग गरजेला मान्यता, मग टेंडर, तांत्रिक तपासणी, दर उघडणं, सगळ्यात कमी बोली लावणाऱ्या 'एल-वन'शी वाटाघाट, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, पुरवठा आदेश. माल आला, तपासला, की बिल आमच्या कंट्रोलर कार्यालयात. हा सगळा वेळ हिवाळा थांबत नाही. त्यामुळे वित्त अधिकाऱ्याला एक शिस्त पाळावीच लागते: जे विचारायचं ते एकदाच, एका पानावर, सगळं विचारायचं. आज साठा विचारला, पंधरा दिवसांनी दराचा आधार विचारला, महिन्याने मागच्या वर्षीची ऑर्डर मागवली, असं करणारा अधिकारी कागदावर निर्दोष असतो आणि प्रत्यक्षात फाइलीचा जीव घेतो. नियमपुस्तकातही तुकड्या-तुकड्याने शंका काढू नयेत असं लिहिलं आहे. पाळतात कमी लोक.

उलट बाजूही सांगते. मार्चमध्ये पैसे परत जाऊ नयेत म्हणून फेब्रुवारीत अचानक 'तातडीची' ठरलेली मागणी मी पुष्कळदा पाहिली आहे. तिथे नाही म्हणता आलं पाहिजे, तेही समोरच्या ब्रिगेडियरचा मान राखून. बेस कॅम्पला एकदा जाऊन आलेल्या, डेपोच्या गोदामात तासभर फिरलेल्या अधिकाऱ्याचा नकार लोक मानतात. ज्याने फक्त फाइल पाहिली आहे त्याचा मानत नाहीत. तेव्हा जी पोस्टिंग मिळेल तिथे पायाने जाऊन ये.

मोठ्या खरेदीत हीच गोष्ट वर्षांच्या हिशोबाने घडते. बुलेटप्रूफ जॅकेटांचं प्रकरण बघ: १.८६ लाख जॅकेटांची गरज २००९ मध्ये मान्य झाली, मोठा करार झाला एप्रिल २०१८ मध्ये, ६३९ कोटींचा. मधल्या नऊ वर्षांत चाचण्या फसल्या, टेंडर निघाली, परत काढली. १२६ लढाऊ विमानांसाठी प्रस्ताव मागवले ऑगस्ट २००७ मध्ये, विजेता ठरला जानेवारी २०१२ मध्ये, २०१५ मध्ये तो सगळा प्रस्तावच मागे घेतला गेला, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये दोन सरकारांमधल्या करारातून ३६ राफेल आली. यात सगळा दोष बाबूंचा, असं टीव्हीवर ओरडणाऱ्यांना सांगता येतं. आवश्यकता लिहितानाच अशक्य गुणधर्म मागणं, चाचण्यांना वर्षानुवर्षं लागणं हे वर्दीच्या बाजूचे दोषही तितकेच खरे आहेत.

पण विलंबामागचं सगळ्यात मोठं कारण भीती आहे, आणि तिचा उगम सांगायलाच हवा. मार्च १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, सुमारे १,४३७ कोटींचा. पुढे त्यात लाचखोरीचे आरोप झाले, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावेळचे संरक्षण सचिव एस. के. भटनागर यांचं नाव १९९९ च्या आरोपपत्रात आलं. २००१ मध्ये ते वारले. २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लाचखोरीचा आरोप पुराव्याअभावी फेटाळला, तोवर ऐकायला ते राहिले नव्हते. बोफोर्सनंतरचा परदेशी तोफांचा पुढचा मोठा करार, १४५ एम-७७७ हॉवित्झर, झाला नोव्हेंबर २०१६ मध्ये. मधली तीस वर्षं! तोफ चांगली होती, कारगिलमध्ये तिनेच तारलं, हे सगळे कबूल करतात. पण तीस वर्षं प्रत्येक सहसचिवाच्या डोक्यात एकच विचार होता: सही केली तर निवृत्तीनंतर सीबीआय, नाही केली तर कुणी विचारत नाही. सही न केल्याबद्दल आपल्याकडे कुणावर खटला झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तू या खात्यात आलीस तर हा विचार तुलाही एखाद्या रात्री झोपू देणार नाही. त्यावर उपाय एकच मला ठाऊक आहे: कारणं लिहून ठेवणं. निर्णय का घेतला हे नोटिंगमध्ये दहा ओळींत स्वच्छ लिहिलं असेल, तर वीस वर्षांनी कॅग म्हणजे महालेखापरीक्षक, संसदेची लोकलेखा समिती, कोर्ट, कुणीही फाइल उघडली तरी तुझी बाजू तिथे उभी असते.

खटके उडतात तेव्हा मोठे उडतात. ३० डिसेंबर १९९८ रोजी नौदलप्रमुख ॲडमिरल विष्णू भागवत यांना सरकारने पदावरून काढलं. नौदल मुख्यालयातल्या एका वरिष्ठ नेमणुकीबाबत मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीचा आदेश त्यांना मान्य नव्हता. संरक्षण सचिव अजित कुमार यांचीही बदली झाली. कोण बरोबर यावर नौदलातले आणि मंत्रालयातले लोक आजही वेगवेगळं सांगतात. अशा प्रकरणात शेवटी कुणीच जिंकत नाही, एवढंच माझं मत.

जुळतं तेव्हा काय होतं, तेही बघ. १९४७ मध्ये फाळणीची सगळी वाटणी ज्या सुकाणू समितीने केली तिच्यात दोनच माणसं होती, दोन्ही सिव्हिलियन अधिकारी. भारताकडून आयसीएस एच. एम. पटेल, पाकिस्तानकडून हिशोब खात्यातले चौधरी मुहम्मद अली, जे पुढे तिथले पंतप्रधान झाले. खुर्च्या-टेबलांपासून रेल्वेच्या डब्यांपर्यंतचा हिशोब त्यांनी जमवला. पटेल लगोलग संरक्षण सचिव झाले. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला फौज विमानाने उतरवायची वेळ आली तेव्हा नवं सरकार, नवं मंत्रालय, इंग्रज सेनापती आणि जमवाजमव करून आणलेली खासगी कंपन्यांची डाकोटा विमानं, अशा सगळ्यांची सांगड मंत्रालयाला घालावी लागली. पटेल १९५३ पर्यंत त्या पदावर होते. इतका सलग काळ नंतर क्वचितच कुणाला मिळाला. पुढे मुंद्रा प्रकरणात, म्हणजे आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीच्या घोटाळ्यात, त्यांना नोकरी सोडावी लागली, आणि १९७७ मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. करिअर असंही असतं.

१९६२ नंतरचा काळ तर आपल्या माणसाचाच. यशवंतरावांनी २१ नोव्हेंबर १९६२ ला शपथ घेतली, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तो दिवस. मंत्रालय आणि मुख्यालयं यांच्यात बोलणं जवळपास बंद होतं. चव्हाणांनी सकाळची बैठक सुरू केली: तिन्ही प्रमुख, संरक्षण सचिव, कॅबिनेट सचिव एका टेबलाशी. ज्या गोष्टीला फाइलीवर महिना लागायचा ती तिथे वीस मिनिटांत मिटायची. पी. व्ही. आर. राव सचिव होते, मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी एच. सी. सरीन बरोबर होते, आणि मंत्र्यांचे खासगी सचिव होते राम प्रधान. हेच प्रधान १९८५ मध्ये पंजाब आणि आसाम करारांच्या वेळी केंद्रीय गृह सचिव होते, आणि २६/११ नंतर मुंबईतल्या चौकशी समितीचं नाव ज्यांच्यावरून पडलं तेही हेच. या चमूने पाच वर्षांची संरक्षण योजना बनवली: ८,२५,००० चं सैन्य, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन, आणि त्यासाठी पैसा कुठून येईल याचा हिशोब. १ सप्टेंबर १९६५ च्या दुपारी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग चव्हाणांकडे आले. हवाई दल वापरायची परवानगी चव्हाणांनी काही मिनिटांत, स्वतःच्या जबाबदारीवर दिली. संध्याकाळच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. तो निर्णय मंत्र्याचा आणि उड्डाण वैमानिकांचं. सचिवांचा वाटा आधीच्या तीन वर्षांत होता. समोर बसलेल्या माणसांवर विश्वास टाकता यावा अशी बैठक त्यांनी रोज चालू ठेवली होती.

आता चित्र बदललं आहे, म्हणून जुन्या पुस्तकांवर विसंबू नकोस. जानेवारी २०२० पासून सीडीएस हे नव्या लष्करी व्यवहार विभागाचे सचिवही आहेत. तिन्ही दलांचं अंतर्गत कामकाज, बढत्या, रोजची खरेदी यातलं बरंच त्या विभागाकडे गेलं. संरक्षण सचिवाकडे धोरण, मोठी भांडवली खरेदी, अर्थसंकल्प आणि सगळ्या विभागांचा समन्वय राहिला. वर्दीतले ब्रिगेडियर, कमोडोर आता मंत्रालयात सहसचिवाच्या पातळीवर फाइली लिहितात. मला हा बदल चांगला वाटतो. माझे काही जुने सहकारी नाकं मुरडतात.

तुझ्यासारखीसाठी आयएएसखेरीज कोणत्या वाटा आहेत? डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेतली शास्त्रज्ञाची वाट बी.कॉम.ला उघडी नाही. विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांना मात्र मी आवर्जून सांगते, कारण तिथे आतूनच वाढून सचिव होता येतं. डॉ. समीर कामत १९८९ मध्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून लागले आणि २०२२ मध्ये सचिव झाले. ऑर्डनन्स फॅक्टरीची सेवा एके काळी सरळ वाट होती. १ ऑक्टोबर २०२१ ला बोर्ड बंद होऊन ४१ फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या, हे तुझ्या वडिलांनी भोगलंच असेल. वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे, भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. तिथे कंपनी म्हणून नोकरीच्या जाहिराती येतात, वित्त विभागाच्याही, पण तो वेगळा रस्ता आहे. डिफेन्स इस्टेट्स सेवेत जमिनी आणि कँटोन्मेंट असतात. लष्कराकडे सुमारे १८ लाख एकर जमीन आहे. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहमदनगर, औरंगाबाद इथल्या बोर्डांवर सीईओ म्हणून तरुण वयात संपूर्ण गाव सांभाळायला मिळतं. अर्थात २०२३ मध्ये हिमाचलच्या योलपासून नागरी भाग स्थानिक संस्थांकडे द्यायला सुरुवात झाली, तेव्हा ही सेवाही बदलणार. सेना मुख्यालय नागरी सेवेत पायऱ्या हळूहळू चढतात, पण अख्खी नोकरी मुख्यालयांतच होते.

आणि आमची सेवा. माझा पक्षपात उघड आहे. २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६.८१ लाख कोटींचा होता. त्यातले १.८० लाख कोटी भांडवली, १.६१ लाख कोटी नुसती पेन्शन. हा सगळा पैसा आमच्या खात्याच्या हातून फिरतो. तीस लाखांहून अधिक निवृत्त सैनिक आणि कुटुंबीयांची पेन्शन प्रयागराजच्या कार्यालयाशी आणि आता 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीशी बांधलेली आहे. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या वीरपत्नीची अडकलेली थकबाकी सुटते तेव्हा जे वाटतं ते राफेलच्या फाइलीवर सही करूनही वाटत नाही. पुण्यात आमची प्रशिक्षण अकादमी आहे, दक्षिण कमांडचं आणि अधिकाऱ्यांच्या पगाराचं कार्यालयही तिथेच. पहिल्या पोस्टिंगपासून निवृत्तीपर्यंत तू संरक्षणातच असतेस, आणि कमांडपासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक पातळीवर वर्दीसमोर बसतेस. संरक्षण वित्त सचिवाचं पद वर आहे. ते कधी आमच्यातून जातं, कधी दुसऱ्या लेखा सेवेतून. मुख्य संरक्षण सचिवपद मात्र इथून मिळण्याची आशा धरू नकोस. कष्टाची कामं कंटाळवाणी असतात हेही सांगून ठेवते. बिलं, ऑडिट आक्षेप, ट्रान्सफर एंट्र्या. पहिली चार वर्षं कुणी युद्धनीती विचारत नाही.

तुझ्या हातात आज काय आहे ते सांगते. वाणिज्य आणि लेखाशास्त्र हा यूपीएससीला वैकल्पिक विषय आहे, तुझा पाया तयार आहे. परीक्षा मराठीतून देता येते, पण मंत्रालयात नोटिंग इंग्रजीत चालतं, तेव्हा छोटी, नेमकी इंग्रजी वाक्यं लिहायचा सराव आत्तापासून कर. सेवांचा पसंतीक्रम भरताना पोरं आयएएस, आयपीएस, मग महसूल असं एकमेकांचं बघून लिहितात आणि संरक्षण लेखा, डिफेन्स इस्टेट्स तळाला टाकतात. तुला खरंच हे काम हवं असेल तर आयएएसच्या लगेच खाली या दोन्ही घाल. डोळ्यांची भीती बाळगू नकोस: सैन्याची फूटपट्टी इथे लागत नाही. पण पोलीस आणि काही तांत्रिक सेवांना नजरेचे कडक निकष आहेत, तेव्हा त्या वर्षीच्या अधिसूचनेतलं वैद्यकीय परिशिष्ट फॉर्म भरण्याआधी वाच, नंतर नाही. आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अनुदान मागण्यांवरचे अहवाल लोकसभेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दरवर्षी मार्चच्या आसपास येतात. एक पूर्ण वाच, आकड्यांसकट. कंटाळा न येता संपवलास तर मला परत लिही, मुलाखतीच्या तयारीचं बोलू.